कंसातला आकडा

कर्जत लोकल नेरळ सोडून भिवपुरी रोडला थांबली, की सकाळच्या वेळी पाठीला सॅक लावलेली मुलं घोळक्याने उतरतात. कुणी बदलापूरहून आलेलं असतं, कुणी कल्याणच्याही पलीकडून. परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे निघालेल्या या मुलांच्या तोंडी सबमिशन, टर्मवर्क आणि केटी हे शब्द सतत असतात. कॉम्प्युटर शाखेला दुसऱ्या वर्षी डेटाबेसचा विषय असतो, त्याचं प्रॅक्टिकलही असतं. पहिला प्रयोग दिसायला अगदी किरकोळ: लिनक्सवर मायएसक्यूएल टाकायचं, सुरू करायचं, 'स्टुडंट' नावाचं टेबल करून त्यात चार नावं भरायची. जर्नलमध्ये तो दीड पानात संपतो. लॅबमध्ये मात्र पहिलं नाव भरण्याआधीच काळ्या पडद्यावर एक ओळ उमटते: एरर २००२, लोकल सर्व्हरशी सॉकेटमार्फत जोडणी होत नाही. त्यापुढे कुठल्याशा फाइलचा लांबलचक पत्ता, आणि अगदी शेवटी कंसात एक आकडा. बहुतेक वेळा २.

यानंतरचं नाटक कुठल्याही कॉलेजात सारखंच असतं. 'सर, चालत नाही' अशी हाक जाते. सर मागच्या बाकावर दुसऱ्याच्या मशीनमध्ये अडकलेले असतात. लॅब असिस्टंट येऊन मशीन रिस्टार्ट करायला सांगतो. तरी तीच ओळ आली, की मायएसक्यूएल काढून पुन्हा टाकलं जातं. तेही फसलं, की उबंटू, म्हणजे अख्खं लिनक्सच. तोवर दोन तास संपतात. या सगळ्या धावपळीत कंसातला तो आकडा कुणी वाचलेला नसतो.

हा आकडा मायएसक्यूएलचा नसतोच. तो खालून, थेट लिनक्सच्या कर्नलकडून आलेला असतो. २ म्हणजे त्या नावाची फाइलच सापडली नाही. १३ म्हणजे फाइल आहे, पण ती वापरण्याची तुम्हाला परवानगी नाही. १११ म्हणजे त्या यंत्रापर्यंत पोहोचलो, पण तिथं ऐकायला कुणी बसलेलं नाही. ११० म्हणजे वाट पाहून थकलो, पलीकडून होय किंवा नाही काहीच आलं नाही. मायएसक्यूएलसोबत 'पी-एरर' नावाची एक छोटी आज्ञा येते. तिच्यापुढे आकडा लिहिला की ती अर्थ सांगते. चार आकड्यांची चार वेगळी कारणं, आणि लॅबमध्ये चारहींवर उपाय एकच: रिस्टार्ट.

विंडोजवर वाढलेल्या मुलांना वाटतं, डेटाबेस ही एक फाइल आहे आणि ती डबल क्लिक केली की उघडते. प्रत्यक्षात डेटाबेसचा सर्व्हर हा पडद्याआड अखंड चालणारा प्रोग्राम असतो, आणि आपण ज्यात टाइप करतो तो क्लायंट हा दुसराच प्रोग्राम. दोघं एकाच यंत्रावर असतील तर सॉकेट नावाच्या खास फाइलमार्फत बोलतात. वेगवेगळ्या यंत्रांवर असतील तर नेटवर्कवरून, ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर. मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा ५४३२. सॉकेटची फाइल सर्व्हर सुरू होताना तयार होते आणि तो नीट बंद झाला की नाहीशी होते. म्हणून कंसात २ दिसला, की दोनच शक्यता उरतात. सर्व्हर चालू नाही, किंवा तो चालू आहे पण क्लायंट भलत्याच ठिकाणी फाइल शोधतोय.

दुसरी शक्यता वाटते तितकी दुर्मीळ नाही. मिनी प्रोजेक्टसाठी मुलांनी झॅम्प टाकलेलं असतं. त्यात पीएचपी या भाषेबरोबर त्याचा स्वतःचा डेटाबेस सर्व्हर येतो आणि तो आपली सॉकेट 'ऑप्ट' या फोल्डरमध्ये ठेवतो. उबंटूच्या मायएसक्यूएलची सॉकेट 'रन' फोल्डरात. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर, दोन सॉकेट. त्यातून दोघांनाही ३३०६ हाच पोर्ट हवा असतो, त्यामुळे जो आधी सुरू होईल तो तिथं बसतो आणि दुसरा 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून मागे फिरतो. अशा यंत्रावर मायएसक्यूएल तिसऱ्यांदा टाकून काय साधणार?

यातच आणखी एक खोच आहे, आणि ती ज्याने कुणी ठेवली त्याला अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या शिव्या लागल्या असतील. 'लोकलहोस्ट' आणि '१२७.०.०.१' हे दोन्ही म्हणजे आपलंच यंत्र. पण लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला 'लोकलहोस्ट' सांगितलं तर तो सॉकेट वापरतो, आणि आकडे सांगितले तर नेटवर्कचा रस्ता धरतो. त्यामुळे एकाने जोडणी होते आणि दुसऱ्याने होत नाही, असं घडू शकतं. घडलं तर ते शुभ लक्षणच: सर्व्हर जिवंत आहे, फक्त एक रस्ता बंद आहे, एवढं एका फटक्यात कळतं.

एकेक रस्ता तपासून दोष शोधण्याची ही पद्धत वीजपुरवठ्याचं काम पाहिलेल्या माणसाला नवी वाटणार नाही. भिवपुरीचा विजेशी संबंध जुना आहे. ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटावरून खाली आणून टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीने भिवपुरीला जलविद्युत केंद्र उभारलं, ते १९२२ साली सुरू झालं. शंभर वर्षांहून अधिक काळ इथं वीज तयार होते. तरी पावसाळ्यात ती याच तालुक्यात गुल होते, यातला विनोद स्थानिकांना समजावून सांगावा लागत नाही. तर, फीडर ट्रिप झाला की लाइनमन सबंध लाइनच्या तारा बदलत बसत नाही. तो मधला स्विच उघडतो, अलीकडचा भाग चालू करून पाहतो. तो टिकला तर दोष पलीकडे. मग पलीकडच्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. डेटाबेसची जोडणीही अशीच तपासायची असते: सर्व्हर चालू आहे का, तो कुठल्या पोर्टवर ऐकतोय, तिथवर पोहोचता येतं का, ओळख पटते का, हवा तो डेटाबेस दिसतो का. पहिल्या पायरीसाठी 'सिस्टिमसीटीएल स्टेटस', दुसरीसाठी 'एसएस'. प्रत्येक पायरीला एक आज्ञा आणि अर्धं मिनिट.

एररचे क्रमांकही याच क्रमाने पुढे सरकतात, हे फारसं कुणी सांगत नाही. २००२ म्हणजे सर्व्हर भेटलाच नाही. १०४५ म्हणजे सर्व्हर भेटला, पासवर्ड पटला नाही. १०४९ म्हणजे पासवर्ड पटला, पण त्या नावाचा डेटाबेस नाही. ११४६ म्हणजे डेटाबेसही आहे, टेबल नाही. 'आता नवीनच एरर यायला लागला' म्हणून जो विद्यार्थी कपाळावर हात मारतो, तो बहुधा मघापेक्षा दोन पायऱ्या पुढे आलेला असतो.

१०४५ च्या ओळीतही शेवट वाचण्यासारखा असतो. 'यूझिंग पासवर्ड: नो' असं तिथं असेल, तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पाठवलाच गेलेला नाही. पीएचपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये तो रिकामा राहिला असेल किंवा आज्ञेत 'पी'चा पर्याय विसरला असेल. आणि उबंटूवर बऱ्याचदा १०४५ ऐवजी १६९८ येतो. त्याची तऱ्हाच निराळी. उबंटूने मायएसक्यूएलच्या 'रूट' खात्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. लिनक्सचा रूट वापरकर्ता असलेल्यालाच सर्व्हर त्या खात्यात घेतो. इथं जगातला कुठलाही पासवर्ड टाइप केला तरी नकारच मिळणार. 'सुडो मायएसक्यूएल' एवढं लिहिलं की पासवर्डशिवाय आत जाता येतं. आत गेल्यावर प्रोजेक्टसाठी वेगळा वापरकर्ता तयार करायचा आणि रूटच्या वाटेला जायचं नाही. पोस्टग्रेसचा 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' हा संदेश याच जातकुळीतला.

जोडणीची ही कथा सॉफ्टवेअर नीट बसल्यानंतरची. ते बसवतानाही कमी अडचणी येत नाहीत, आणि त्यातल्या काहींचा उगम भलताच दूर असतो. उबंटू ज्या डेबियनवर उभं आहे, तो प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात ठेवायचं, एका पॅकेजला दुसरी कुठली लागतात याची नोंद त्याच्यातच ठेवायची आणि 'ॲप्ट'ने ती सगळी शोधून आणायची, ही सोय तिथलीच. ही नोंद आहे म्हणून 'अनमेट डिपेंडन्सीज' हा संदेशही आहे. तो बहुधा तेव्हा येतो, जेव्हा कुणीतरी दुसऱ्याच आवृत्तीसाठीचं पॅकेज पेनड्राइव्हवरून आणून जबरदस्तीने बसवलेलं असतं.

उबंटूसाठी लिहिलेल्या नोट्स घेऊन मुलगा डेबियनवर बसला आणि त्याने 'मायएसक्यूएल-सर्व्हर' मागितला, तर 'इन्स्टॉलेशन कॅंडिडेट नाही' असं उत्तर येतं. यामागे एका कुटुंबाची आणि दोन कंपन्यांची गोष्ट आहे. फिनलंडचे मायकल विडेनियस, ज्यांना सगळे मॉंटी म्हणतात, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये मायएसक्यूएल सुरू केलं आणि नाव दिलं थोरल्या मुलीचं, 'My'. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मायएसक्यूएलची कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरला घेतली. पुढे खुद्द सनलाच ओरॅकलने विकत घेतलं. तो व्यवहार २०१० च्या जानेवारीत पूर्ण झाला. ओरॅकलच्या हाती मायएसक्यूएलचं काय होईल याची धास्ती घेऊन मॉंटींनी २००९ मध्येच त्याच कोडवरून वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं. ती मारियाडीबी. डेबियनने २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून मायएसक्यूएल वगळून मारियाडीबी घेतलं. उबंटूने दोन्ही ठेवली. भिवपुरीच्या लॅबमध्ये अडलेल्या मुलाने 'मारियाडीबी-सर्व्हर' मागितला की काम होतं. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातल्या जवळजवळ सगळ्या क्वेरी तिथं जशाच्या तशा चालतात.

बाकीचे अडथळे जास्त घरगुती आहेत. मशीन नुकतंच सुरू केलं असेल, तर उबंटू स्वतःहून सुरक्षा-अपडेट घेत बसलेलं असतं आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला इन्स्टॉल करू देत नाही. 'कुड नॉट गेट लॉक' हा संदेश त्याचा. यावर इंटरनेटवर सापडणारा उपाय म्हणजे लॉकची फाइल उडवून द्यायची. तो वाईट आहे. पाच-दहा मिनिटं थांबून चहा पिऊन आलं तरी चालतं. मध्येच वीज गेली, तर अर्धवट बसलेल्या पॅकेजांसाठी 'डीपीकेजी इंटरप्टेड' असा संदेश येतो, आणि पुढे काय टाइप करायचं ती आज्ञाही त्याच ओळीत असते. तीच जशीच्या तशी चालवायची असते.

वीज गेल्याचा दुसरा परिणाम अधिक मजेशीर. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज असते तोवर ते लक्षात येत नाही. ती गेली, की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग 'ॲप्ट' तक्रार करतं, की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, आणि ब्राउझर म्हणतो की प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच व्हायची आहे. नेटवरून वेळ आपोआप जुळते खरी, पण कॉलेजच्या फायरवॉलने ती सेवा अडवलेली असेल तर नाही. सॉफ्टवेअर बसत नाही आणि इलाज काय, तर बाजारातून एक सेल आणायचा. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेइतकंच उबंटूच्या आवृत्तीकडेही बघावं लागतं. उबंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं नियमित अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मुदत संपली की तिची पॅकेजं मुख्य सर्व्हरवरून हलवली जातात आणि ४०४ चे एरर सुरू होतात. उत्साहाच्या भरात सगळ्यात नवी आवृत्ती टाकणाऱ्या लॅबची वर्षभरातच अशी गत होते.

आणि नोट्स. वर्डमध्ये टाइप करून पीडीएफ केलेल्या नोट्समधून आज्ञा कॉपी केली, की साधी अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ झालेली असते. डोळ्याला फरक दिसत नाही. टर्मिनलला दिसतो. जो विद्यार्थी तीच आज्ञा हाताने टाइप करतो त्याचं चालतं, आणि शेजारचा म्हणतो, 'मीही तेच लिहिलंय.'

डेटाबेस न शिकलेल्या माणसावरही हे प्रसंग येतात. ग्रंथपालांवर, उदाहरणार्थ. ग्रंथालयांसाठीचं 'कोहा' हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालं आणि २००० च्या जानेवारीत वापरात आलं. आज भारतातली असंख्य महाविद्यालयं ते वापरतात. ते लिनक्सवर, डेबियन किंवा उबंटूवर बसतं आणि माहिती मारियाडीबीत किंवा मायएसक्यूएलमध्ये ठेवतं. ते बसवताना हमखास दोन ठिकाणी गाडी अडते. कर्मचाऱ्यांचं पान सहसा ८०८० या पोर्टवर ठेवतात, पण अपाचे या वेब सर्व्हरला त्या पोर्टवर ऐकायला वेगळं सांगावं लागतं. 'पोर्ट्स' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ घातल्याशिवाय पान उघडत नाही. दुसरं म्हणजे पहिल्या लॉगिनला कोहा मागतं तो पासवर्ड मशीनचाही नसतो आणि ग्रंथपालांचाही नसतो. कोहाने तो बसताना स्वतःच तयार केलेला असतो आणि आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो.

मराठी ग्रंथालयांची खरी परीक्षा पुढे असते. जुन्या सॉफ्टवेअरमधली नोंद नव्यात आणली, आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएल २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत काही वेगळं सांगितलं नाही तर 'लॅटिन-१' ही पश्चिम युरोपीय अक्षरांची पद्धत धरून चालत असे. त्यात देवनागरीला जागाच नाही. सर्व्हर कडक नियमांवर चालत असेल तर तो १३६६ क्रमांकाचा एरर देऊन नोंद नाकारतो. ढिला सोडलेला असेल तर न कळणाऱ्या प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह साठवतो. इथं एक फरक ओळखता यायला हवा. प्रश्नचिन्हं खरोखर साठली असतील तर मूळ मजकूर गेला, बॅकअप नसेल तर नावं पुन्हा टाइप करणं आलं. पण पडद्यावर वर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येऊन कचरा दिसत असेल, तर मजकूर बहुधा शाबूत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. लॅटिन-१ च्या चष्म्यातून तो हा रेघवाला 'ए' दिसतो. बाइट जागेवर आहेत, वाचण्याची पद्धत चुकली आहे. घाईत 'दुरुस्ती' करून ते पुन्हा साठवले नाहीत, तर नावं परत मिळतात.

शिकण्याची साधनं मराठीत अजिबात नाहीत असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने, ज्याचं नेतृत्व प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केलं, लिनक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएलवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, अर्ध्यावर आपण करून पाहायचं, अशी त्यांची रचना आहे. मात्र कुठल्याही पाठात सगळं ठरल्याप्रमाणे होतं. कॉलेजचं जर्नलही तसंच: त्यात आउटपुट चिकटवायचं असतं, आलेले एरर नव्हे. जर्नलची दोन पानं त्यांच्यासाठी राखून त्यावर मार्क दिले, तर एक्स्टर्नल परीक्षकाला विचारण्यासारखे खरे प्रश्न तिथं सापडतील.

एक इशारा मात्र पहिल्या प्रॅक्टिकललाच द्यायला हवा. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून वैतागलेला विद्यार्थी शेवटी त्याचं डेटाचं फोल्डरच पुसतो. वीज गेल्यावर मायएसक्यूएल आपल्या लॉगमधून बहुतेक वेळा स्वतःच सावरतं, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. फोल्डर पुसल्यावर सावरण्यासारखं काही राहत नाही. अगदीच गरज पडली तर ते दुसऱ्या नावाने बाजूला हलवावं. त्याआधी 'डीएफ' चालवून डिस्क भरलेली नाही ना, हे बघावं. भरलेल्या डिस्कवर सर्व्हर सुरू होत नाही आणि त्याचा दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

हा धोका फक्त नवख्यांना असतो असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या जगभरातले प्रोग्रामर वापरत असलेल्या सेवेचा एक इंजिनिअर पोस्टग्रेसच्या दोन सर्व्हरांमधली बिघडलेली जुळणी दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर पुसून नव्याने प्रत घ्यावी, म्हणून त्याने पुसण्याची आज्ञा दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. सेवा जवळपास १८ तास बंद राहिली. दुसऱ्याच एका चाचणीसाठी कुणीतरी सुमारे सहा तास आधी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, तिच्यावरून डेटाबेस परत उभा करण्यात आला. मधल्या सहा तासांतली माहिती गेली. रोजच्या बॅकअपचा ठावठिकाणा शोधला, तेव्हा ती जागा रिकामी निघाली. सर्व्हर पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम चालत होता ९.२ चा, त्यामुळे बॅकअप दर वेळी फसत होता. तसं कळवणारे ई-मेलही दर वेळी निघत होते. पण ते पाठवणाऱ्या यंत्रावर आवश्यक ती सही बसवलेली नव्हती, म्हणून मेल सर्व्हर ते परत लावत होता आणि ते कुणाच्याच हाती पडले नव्हते.